फोटोत नाना कुठे आहेत?

नानाकाकांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या आयुष्यावर स्लाइड शो दाखवायचा असं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी आयटीत आहे. आयटीतल्या माणसाला प्रिंटर दुरुस्त करता येतो, आधार कार्डावरचा पत्ता बदलता येतो आणि जुने फोटो ‘कंप्युटरवर चढवता’ येतात, यावर आमच्या नातेवाइकांची अढळ श्रद्धा आहे. नानांच्या मुलीने, निमाताईने, अल्बमांची चळत आणि साडीच्या खोक्यात कोंबलेले सुटे फोटो माझ्याकडे आणून टाकले. “त्यातले नानांचे तेवढे वेगळे काढ. तासाभराचं काम आहे.”

तासाभरात एवढंच कळलं, की नाना कुठेच नाहीत.

असणार कसे? अख्ख्या घराण्यात कॅमेरा एकट्या नानांकडे. आधी आग्फा क्लिक थ्री. त्यात एका रोलला बारा चौकोनी फोटो, तेही कृष्णधवल. मग याशिका आला आणि घरात रंग आले. पण कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. निमाताईच्या लग्नातसुद्धा कन्यादान होईपर्यंत पट्टा गळ्यात होता म्हणतात. हे खरं की खोटं ते फोटोवरून कळत नाही, कारण तोही फोटो नाही.

नाना आहेत, पण सावलीच्या रूपाने. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा नियम त्यांनी कुठेतरी वाचला आणि जन्मभर पाळला. त्यामुळे सिंहगड असो की गणपतीपुळे, आम्ही सगळे डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उन्हाकडे तोंड करून उभे, आणि आमच्या पायाशी दोन कोपरं बाहेर काढलेली एक लांबलचक सावली. बाकी कुठे अंगठा. कुठे देवघराच्या तसबिरीच्या काचेत फ्लॅशचा पांढरा गोळा. त्या गोळ्यामागे नाना. निमाताईला मी हे पुरावे दाखवले. ती म्हणाली, “चेहरा हवा रे.”

चेहरे तसे इतरांचेही कमीच आहेत. आत्या तर बऱ्याच फोटोंत भुवयांपासून खाली सुरू होते. इतकी वर्षं ती म्हणायची, नाना मुद्दाम करतो. मी तिला समजावलं, की त्या कॅमेऱ्यांत बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. लांबून काढलं तर फरक पडत नाही, जवळ गेलं की खिडकीला दिसतं ते भिंगाला दिसत नाही, आणि वरचा भाग उडतो. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. “मग तुझ्या काकूचं डोकं बरं शाबूत राहतं दर वेळेला?” याला विज्ञानाकडे उत्तर नाही.

लांबून काढायचा तर विजापूर. गोलघुमट पन्नास मीटरच्या वर उंच. नानांना घुमट पूर्ण हवा होता, चारही मनोरे हवे होते, आणि कुटुंबही हवं होतं. ते मागे मागे मागे गेले. फोटोत घुमट उत्तम आला आहे. पायथ्याशी काही तांदूळ सांडलेत, ते आम्ही. त्यातला पिवळा दाणा आपण, असं आई आणि आत्या दोघींचंही म्हणणं आहे.

लग्नकार्यातल्या फोटोंची तऱ्हा वेगळी. कॅमेऱ्यावरच्या त्या एवढ्याशा फ्लॅशचा उजेड जेमतेम तीन-चार मीटर जायचा. नाना मुहूर्ताच्या वेळी नेमके कार्यालयाच्या मागच्या भिंतीला टेकून. परिणामी पुढच्या खुर्च्यांवरची टकलं लखलखीत, आणि लांब अंधारात दोन मुंडावळ्या. कोणाचं लग्न ते टकलांवरून ओळखायचं.

मिटलेल्या डोळ्यांची तर आमच्यात परंपराच आहे. ऑस्ट्रेलियात पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी याचा हिशेब मांडला आणि त्यांना 2006 साली गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं नोबेल, मिळालं. माणसं वीसपेक्षा कमी असतील, तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागायचं. तेवढे फोटो काढले, की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची जवळजवळ खात्री. म्हणजे अठरा माणसांना सहा फोटो. नानांसमोर हे कोणी बोललं असतं तर त्याला पुढच्या रोलमध्ये घेतलं नसतं. छत्तीस फोटोंचा रोल गणपतीत घातलेला होळीपर्यंत पुरायला हवा. एक प्रसंग, एक फोटो. बाळूदादा मुंजीत झोपलेला आहे तो आहे. आणि हे कळायचं कधी, तर सहा महिन्यांनी रोल धुऊन आल्यावर. तोवर सोडमुंजसुद्धा होऊन गेलेली.

रोल घालायला नाना पांघरुणात शिरायचे. उजेड लागून सुरुवातीची फिल्म वाया जाऊ नये म्हणून. अशाने छत्तिसावर एखाददुसरा फोटो जास्त निघायचा, आणि तो फुकटचा असल्यामुळे त्याला शिस्त नव्हती. ‘रोल संपवायचा’ म्हणून जे दिसेल ते. नवा फ्रीज, त्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. पुस्तकाआड कॉमिक्स धरलेला बाळूदादा. नळाला पाणी आलंय, काकू कमरेला पदर खोचून कळशी उचलतेय आणि दुसऱ्या हाताने ‘अहो, शोभतं का’ करतेय. अल्बममध्ये यांतला एकही लावलेला नाही, सगळे साडीच्या खोक्यात. माझं मत विचाराल तर बाकीचं सगळं विसर्जित करून खोका तेवढा ठेवावा. काकूला तो कळशीचा फोटो दाखवला. “शी, कसली दिसतेय,” म्हणाली आणि घेऊन गेली. अजून परत दिलेला नाही.

फोटोंच्या तारखा ठरवायला आई आणि आत्याला बसवलं, ही माझी कल्पना नव्हे, त्या आपणहून बसल्या. मधल्या काळात दुबईहून एक तारीख छापणारा कॅमेरा आला होता. सेल बदलले की तो मनाने तारीख धरायचा. निमाताईच्या मुलाच्या बारशावर 1 जानेवारी 1987 छापलंय. तेव्हा निमाताई सातवीत होती. त्यापेक्षा साड्यांची पद्धत बिनचूक. “ही अंजिरी म्हणजे बाळूच्या मुंजीतली. तिला पुढे विजापूरला खिळा लागला, म्हणजे हा फोटो विजापूरच्या आधीचा.” इथवर ठीक. पण मग ती अंजिरी मुळात कोणाची होती, कोणी कोणाला नेसायला दिली आणि परत करताना फॉल उसवलेला होता की नव्हता, यात रात्रीचे अकरा वाजले.

दोघींचं एकमत फक्त एका माणसावर झालं. मुंजीच्या ग्रुप फोटोत आईच्या शेजारी करड्या सफारीतले एक गृहस्थ आहेत. तोंडभर हसू, हात मागे बांधलेले. अख्ख्या फोटोत डोळे धड उघडे असलेले ते एकटेच. आई म्हणते, आत्याच्या सासरचे. आत्या म्हणते, आईच्या माहेरचे. काकूला वाटायचं, नानांच्या ऑफिसातले. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं, तर एकोणीस जणांनी अंगठा दाखवला आणि एका मामांनी ‘छान आठवण’ लिहिलं.

शेवटी जे होतं तेच लावलं. सावल्या, अंगठे, काचेतला गोळा, आणि चेहरा म्हणून रेल्वेच्या पासावरचा एक पासपोर्ट फोटो, ज्यावर अर्धा शिक्का होता. कार्यक्रमात नाना पहिल्या रांगेत. सावल्या बघून लोकांचे डोळे वगैरे पाणावत होते. नाना मान वाकडी करून म्हणत होते, “हा जरा ओव्हर झालाय. धुणाऱ्याने बिघडवला.”

मग मुंजीचा ग्रुप फोटो आला. मी तिथे थांबवून विचारलं, “नाना, हे सफारीवाले कोण?”

“ते होय! शेजारच्या हॉलमधले होते कोणी. मी म्हटलं, एका तरी फोटोत आपण असावं. त्यांना हाक मारली, ‘जरा या हो, एक फोटो.’ म्हणजे कॅमेरा हातात द्यायला. तर ते सरळ येऊन तुझ्या आईशेजारी उभे राहिले.”

“मग?”

“मग काय? आलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं? काढला.”