पायऱ्यांचं ते चित्र चुकीचं आहे

एक चित्र पुन्हा पुन्हा माझ्यापर्यंत येतं. डावीकडे रेकॉर्डची गुळगुळीत लहर, उजवीकडे सीडीची जिन्यासारखी. खाली मजकूर असा: "डिजिटलमध्ये आवाजाच्या पायऱ्या होतात. सेकंदाला फक्त ४४,१०० तुकडे ठेवतात, मधला आवाज फेकून देतात. रेकॉर्डमध्ये सगळा आवाज असतो. म्हणूनच डिजिटल संगीताने कान थकतात. ऐकायचंच असेल तर १९२ किलोहर्ट्झच्या फाइल घ्या, त्यात पायऱ्या बारीक होतात. आधी स्रोत बदला, बाकी सगळं नंतर."

ज्यांच्या कानावर माझा विश्वास आहे अशा माणसांनीही हे पुढे पाठवलं, म्हणून सविस्तर उत्तर देतो. माझ्याकडे टर्नटेबल आहे आणि रेकॉर्ड मी मनापासून ऐकतो. तरीही यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. कान थकण्याचं तेवढं खरं आहे, पण त्याचं कारण चुकीचं दिलं आहे.

"आवाजाच्या पायऱ्या होतात." फाइलमध्ये पायऱ्या नसतात, आकडे असतात: अमुक क्षणी लहरीची उंची इतकी. अशा एकेका आकड्याला सॅम्पल म्हणतात. आलेखावर मांडले तर सुटे ठिपके दिसतील. दोन ठिपक्यांच्या मध्ये काहीच नसेल, सपाट रेघसुद्धा नाही. ती रेघ चित्र काढणारा काढतो. आता, डॅकच्या (आकड्यांचं परत विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या यंत्राच्या) पोटात एका टप्प्यावर पुढचा आकडा येईपर्यंत व्होल्टेज स्थिर धरलं जातं, हे खरं आहे. पण तो आकार बाहेर येत नाही, कारण त्याच्यापुढे फिल्टर बसवलेला असतो. पायरीचा टोकदार कोपरा म्हणजे मूळ गुळगुळीत लहरीत मिसळलेल्या फार वरच्या, २२ किलोहर्ट्झच्या पलीकडच्या लहरी. त्या गाळल्या की कोपराही जातो आणि मूळ लहर उरते. ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) मिळाला तर सीडी प्लेअरच्या आउटपुटला लावून पाहा. १ किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर गुळगुळीत दिसेल. २० किलोहर्ट्झचाही तसाच दिसेल, जरी त्याच्या एका आवर्तनाला जेमतेम सव्वादोन सॅम्पल मिळत असले तरी. काही हौशी लोक मुद्दाम फिल्टर नसलेले डॅक वापरतात, त्यांच्या आउटपुटला मात्र पायऱ्या दिसतात. तो त्या यंत्राचा दोष झाला, डिजिटल पद्धतीचा नव्हे.

"मधला आवाज फेकून देतात." सगळा गोंधळ या वाक्यातून सुरू होतो, म्हणून इथे जरा थांबतो. शाळेतली भूमिती आठवा. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एकच वर्तुळ जातं. तीन बिंदू दिले की पूर्ण वर्तुळ दिलं, मग 'बिंदूंच्या मधला भाग हरवला' अशी तक्रार कुणी करत नाही. सॅम्पलिंगचं तसंच आहे. हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये याचा पाया घातला, व्लादिमीर कोटेलनिकोव्हने १९३३ मध्ये आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये हा सिद्धांत नीट मांडला. लहरीत सॅम्पलिंगच्या निम्म्या दराहून वरचं काही नसेल, तर त्या ठिपक्यांमधून जाणारी लहर एकच असते. जवळपासची नव्हे, अंदाजे नव्हे, तीच. सीडीसाठी ती मर्यादा २२.०५ किलोहर्ट्झ. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढेल तशी ती हद्द खाली येते. सॅम्पल घेण्याआधी आवाज फिल्टरमधून जातो, आणि जे गाळलं जातं ते त्या मर्यादेच्या वरचं असतं. 'मधलं' काही गाळलं जात नाही.

यावर एक प्रश्न नेहमी येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. दोन सॅम्पलमध्ये सुमारे २३ मायक्रोसेकंदांचं अंतर. पण दोन कानांवर येणाऱ्या आवाजातला १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही आपल्याला कळतो. मग तंबोऱ्याची तार छेडली गेली तो नेमका क्षण दोन सॅम्पलच्या मध्ये आला तर? काही बिघडत नाही. क्षण जरासा सरकला की आजूबाजूच्या सगळ्या सॅम्पलची उंची बदलते, आणि त्या उंचींवरून परत उभी राहणारी लहर तेवढीच सरकलेली असते. सीडीमध्ये एका मायक्रोसेकंदाहून कितीतरी लहान फरकही टिकतो.

उभ्या पायऱ्यांचं, म्हणजे १६ बिटांचं, थोडक्यात सांगतो. १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या मावतात आणि प्रत्येक आकडा जवळच्या पातळीला आणावा लागतो. म्हणून त्याआधी आवाजात अगदी बारीक, यादृच्छिक खरखर मिसळतात. तिला डिदर म्हणतात. त्यामुळे चुकीची पायरी होत नाही, एकसारखी, अतिशय मंद सळसळ होते. सगळ्यात मोठा आवाज आणि ही सळसळ यांत ९० डेसिबलहून जास्त अंतर राहतं. उत्तम स्थितीतल्या एलपीला साधारण ७० डेसिबल मिळाले तरी पुष्कळ.

तेव्हा "रेकॉर्डमध्ये सगळा आवाज असतो" याकडे येऊ. रेकॉर्डची खाच अखंड असते, पण अखंड म्हणजे अमर्याद नव्हे. खाच कापताना खालचे स्वर दाबावे लागतात आणि वरचे उचलावे लागतात, नाहीतर खाचा एकमेकींत शिरतील आणि वरचे स्वर खरखरीत बुडतील. वाजवताना फोनो स्टेज, म्हणजे टर्नटेबलच्या पुढचा छोटा ॲम्प्लिफायर, हे उलटं करतो. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रात (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने ठरवलेल्या प्रमाणात) ऐकू येणाऱ्या स्वरांच्या दोन टोकांना ही दुरुस्ती सुमारे २०-२० डेसिबलची आहे. सुई उडू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूंचे अगदी खालचे स्वर बहुधा एकत्र करावे लागतात. गायिकेचा 'स' टोचू नये म्हणून तो बोथट करावा लागतो. आणि तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्ध्या मीटरइतकी खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. एलपीच्या प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं नेहमी थोडं धूसर का वाटतं, ते यात आहे. ज्यांनी या मर्यादांत राहून सुंदर रेकॉर्ड कापल्या त्यांच्या कौशल्याला मी नमस्कार करतो. ते कौशल्य होतं, कारण माध्यम अडचणीचं होतं.

शिवाय 'शुद्ध' रेकॉर्ड दिसते तितकी शुद्ध असतेच असं नाही. खाचांमधलं अंतर ठरवायला कापणाऱ्या यंत्राला पुढे किती मोठा आवाज येतोय ते आधी कळावं लागतं. पूर्वी त्यासाठी टेपयंत्रावर आवाज आधीच वाचणारं जास्तीचं हेड असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी डिजिटल विलंब (आवाज आकड्यांत साठवून क्षणभर उशिरा पुढे सोडणं) वापरला जाऊ लागला, म्हणजे खाचेत गेलेला आवाज सॅम्पलिंग होऊनच गेला. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या अभियंत्यांनी मान्य केलं, की श्रोते ज्यांना संपूर्ण ॲनालॉग समजत होते अशा त्यांच्या अनेक रेकॉर्डांच्या साखळीत कित्येक वर्षं एक डिजिटल टप्पा होता. तो सीडीच्या नव्हे, डीएसडी या जास्त दराच्या पद्धतीचा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्या रेकॉर्डांवर जाणकारांनी ॲनालॉग म्हणून स्तुतीचा वर्षाव केला होता, हेही तितकंच खरं.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. आवडती एलपी मी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटांत उतरवली. दोन्हींची पातळी मीटर लावून सारखी केली, कारण एखाद्या डेसिबलने मोठं वाजलेलं आपल्याला 'मोठं' नव्हे, 'चांगलं' वाटतं. एलपी आणि फाइल एकाच वेळी सुरू ठेवून मेहुण्याला पडद्यामागून हवं तेव्हा बदलायला सांगितलं. मला ओळखता येईना, नाणेफेकीने जेवढं जमेल तेवढंच जमलं. सुईची खरखर, आवाजातली ऊब, शेवटच्या गाण्याचा धूसरपणा, सगळं फाइलमध्ये आलं होतं. सीडीची पद्धत काही फेकून देत असती तर ती ऊब आधी गेली असती. त्या दिवसापासून मला रेकॉर्ड जास्त आवडू लागली, कारण आपण काय ऐकतो आहोत ते कळलं: ती ऊब रेकॉर्डची स्वतःची भर आहे.

आता "कान थकतात." थकतात, आणि हा लोकांचा भ्रम नाही. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा बाजारात आणलेल्या अनेक चकत्या एलपीसाठी तयार केलेल्या टेपांवरूनच काढल्या होत्या. सुरुवातीचे प्लेअरही कच्चे होते. पण खरं नुकसान पुढे झालं. १९९० च्या दशकापासून गाणं दुसऱ्याच्या गाण्याहून मोठं वाजावं म्हणून मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाण्याला शेवटचा हात फिरवताना, सगळे चढउतार दाबून सपाट करण्याची स्पर्धा लागली. २००८ मध्ये मेटालिका या रॉक बँडच्या नव्या अल्बमची सीडी इतकी दाबलेली निघाली, की चाहत्यांनी गिटार हीरो या खेळातली त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती जवळ केली. खेळातली फाइलही डिजिटलच होती! फरक मास्टरिंगचा होता. एखाद्या एलपीसाठी वेगळं, मोकळं मास्टर केलेलं असतं आणि ती ऐकताना श्वास घेता येतो, तेव्हा श्रेय त्या माणसाचं असतं, प्लास्टिकचं नव्हे. ज्यांच्याकडे या सपाटीकरणाआधीची सीडी आहे, त्यांनी ती जपावी. पुन्हा काढलेली 'रीमास्टर्ड' आवृत्ती पुष्कळदा तिच्यापुढे गुदमरलेली वाटते.

"१९२ किलोहर्ट्झ घ्या." पायऱ्याच नाहीत, तर बारीक काय होणार? दर वाढवल्याने फक्त वरची मर्यादा ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाते, म्हणजे वटवाघळाच्या हद्दीत. तिथली ऊर्जा काही ॲम्प्लिफायर आणि ट्वीटरमध्ये (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरमध्ये) खाली ऐकू येणारी विकृती उलट वाढवू शकते. ध्वनिमुद्रण करताना २४ बिट घेणं शहाणपणाचं आहे, कारण गायक अचानक किती चढेल ते माहीत नसतं आणि वर मोकळी जागा ठेवावी लागते. घरी ऐकताना तो प्रश्न उरत नाही. मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दराच्या चकत्यांचा आवाज मधेच सीडीच्या दर्जातून फिरवला. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. विरुद्ध बाजूचा पुरावाही लपवत नाही: संशोधक जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा ५२.३ टक्के आले, प्रशिक्षित श्रोत्यांचे त्याहून जास्त. म्हणजे फरक असलाच तर इतका निसटता आहे, की तो दाखवायला हजारो चाचण्या लागतात. चित्रातली जिन्याइतकी ढोबळ गोष्ट अशी लपून राहिली नसती.

राहिलं "आधी स्रोत बदला." माझ्या मते नेमकं उलट करायला हवं. चांगल्या डिजिटल स्रोतांमधले फरक डेसिबलच्या अंशात मोजावे लागतात. खोली आणि स्पीकर मिळून खालच्या स्वरांत दहा-दहा डेसिबलचे डोंगर-दऱ्या उभ्या करतात. डबल बासच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर साधारण ४१ हर्ट्झचा, त्याच्या लहरीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास. खोली चार मीटरहून जराशी लांब असेल, तर हा स्वर समोरच्या आणि मागच्या भिंतीपाशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची नेमकी मधोमध असेल तर कुठल्याही दराची फाइल लावा, कुठलीही रेकॉर्ड लावा, त्याचा पाया जवळजवळ ऐकू येणार नाही. खुर्ची दोन-तीन हात मागे घ्या, आणि तीच चकती पुन्हा लावा.