यादीतून नाव काढायचंय? मुहूर्त बघा

अमेरिकेच्या दहशतवादाच्या यादीत तुमचं किंवा तुमच्या देशाचं नाव आलंय? घाबरू नका. आणि सुधारायची घाई तर मुळीच करू नका. नेल्सन मंडेलांचं काय झालं? 1993 साली शांततेचं नोबेल, 1994 साली राष्ट्राध्यक्षपद, आणि यादीतून नाव निघायला उजाडलं 2008. तोवर नव्वदी आली. उगाच चांगले वागत बसले.

त्यापेक्षा सीरियाच्या अहमद अल-शरा यांचा कित्ता गिरवा. अल-कायदाशी जुनं नातं, डोक्यावर एक कोटी डॉलरचं इनाम. डिसेंबर 2024 मध्ये राजधानी दमास्कससकट देशाची सत्ता हाती आली आणि त्याच महिन्यात इनाम मागे. (बरोबरच आहे, पत्ता सापडला होता.) नोव्हेंबर 2025 मध्ये स्वारी थेट व्हाइट हाउसात! ट्रम्पसाहेबांनी स्वतःच्या हाताने त्यांच्यावर अत्तराचा फवारा मारला, वर बायका किती, अशी घरगुती चौकशीही केली.

गाठीशी पैसा असेल तर सुदानसारखे साडेतेहतीस कोटी डॉलर मोजा आणि इस्रायलशी सोयरीक जुळवा.

मुहूर्त मात्र सांभाळा, नाहीतर तुमचा क्युबा होईल. 1982 साली रेगन यांनी यादीत घातलं, 2015 साली ओबामांनी काढलं, जानेवारी 2021 मध्ये ट्रम्प यांनी जाता जाता पुन्हा घातलं. बायडन यांचा हात फाइलपर्यंत पोहोचायला चार वर्षं गेली. 14 जानेवारी 2025 रोजी त्यांनी नाव काढायचं जाहीर केलं; 20 तारखेला ट्रम्प परतले आणि त्याच दिवशी तो निर्णय फिरवला. त्या सहा दिवसांत हवानाने कोणता घातपात केला, हे विचारायचं नसतं. एक पक्ष म्हणतो, फास आवळल्याशिवाय हुकूमशहा वाकत नाही. दुसरा म्हणतो, फासाने मरते ती जनता. पण हे त्याला खुर्ची सोडायच्या आठवड्यात आठवतं. मधल्यामध्ये हवानाला सुट्टीवर गेलेला स्पॅनिश माणूस अडकतो. पुढे अमेरिकेला जायचं तर साधी ऑनलाइन परवानगी त्याला पुरत नाही, व्हिसासाठी वकिलातीची पायरी चढावी लागते. त्याचं कृत्य काय, तर समुद्रस्नान.

येमेनच्या हूथी बंडखोरांचं नाव तर इतक्यांदा आत-बाहेर झालंय, की कारकुनाला पाठ असेल.

तेव्हा अर्ज आजच लिहून ठेवा. तारखेची जागा कोरी सोडा, राष्ट्राध्यक्षांचं नाव पेन्सिलीने लिहा.