लोणारचा वाद पाण्यातच अडकलाय

लोणारवर चर्चा सुरू झाली की ती तळ्याभोवतीच फिरते: जून 2020 मध्ये गुलाबी झालेलं पाणी, काठावरची वेडी बाभूळ, हॉटेलं किती लांब हवीत. जर्मनीच्या बव्हेरियातल्या न्यॉर्डलिंगनला विवर आहे, तळं नाही. ते केव्हाच गाळाने भरलं. तरी वीसेक हजार वस्तीचं हे गाव विवराच्या जोरावर पाहुणे बोलावतं.

ऑग्सबर्गकडून येताना डोनाउव्योर्थला गाडी बदलायची, पुढे अर्धा तास. सोमवार टाळा, विवराचं संग्रहालय बंद असतं. अपोलो 16 ने आणलेला चंद्राचा दगड तिथेच आहे. सेंट जॉर्ज चर्चचा ‘डॅनियल’ मनोरा 90 मीटरचा, पायऱ्या 350. वर जाऊन लोक खड्डा शोधतात आणि हिरमुसतात. विवर सुमारे 24 किलोमीटर रुंद, आपण त्याच्या पोटातच उभे असतो. लांबवर दिसणारी झाडीची टेकाडं ही त्याची कड. खरी गंमत खाली आहे. चर्चची भिंत अगदी जवळून बघा: राखाडी दगडात काळसर काचेचे तुकडे. हा सुएव्हाइट, दीड कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापातात तयार झालेला. तो झिजतो, म्हणून डागडुजी कायमचीच. आधी याला ज्वालामुखीचं काम समजत; 1960 मध्ये शूमेकर आणि चाओ या भूवैज्ञानिकांनी इथल्या सुएव्हाइटमध्ये कोएसाइट (प्रचंड दाबाखाली तयार होणारं खनिज) ओळखलं आणि उल्केचा पुरावा हाती आला. चर्चचा दगड जिथून आला ती आल्टेनब्युर्गची खाणही बघता येते. (तटबंदीवरून 2.7 किलोमीटरची छपराखालची फेरी फुकट. वेळ असेल तर जरूर मारा.)

विवरात गावं वसवण्याची नक्कल लोणारला करू नये. तिथलं विवर जेमतेम 1.8 किलोमीटरचं, पाण्याला बाहेर वाट नाही. वरून आलेली घाण तळ्यातच राहणार.

पण दगडाचं काय? आघाताने उडालेला मुरूम-दगडांचा थर काठाबाहेर किलोमीटरभर आणि त्याहूनही पुढे पसरलाय. त्यावर शेतं आहेत, गाव आहे. कुंपण घालायचं ठरतं ते तळ्याला. पाया खणताना हा थर उपसला गेला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. माझ्या मते हॉटेलांच्या आधी एक काम व्हावं: काठाबाहेरचा एखादा उभा छेद राखून ठेवा, वर छप्पर घाला आणि कुठला थर कशाचा हे मराठीत लिहिलेला फलक लावा.