हडसन उपसागराची कमान: उल्काविवराचा पुरावा नाही

कॅनडातल्या हडसन उपसागराचा उपग्रहातून घेतलेला फोटो 'जगातलं प्रचंड उल्काविवर' म्हणून फिरतोय. आग्नेय किनारा खरोखर कंपासने काढल्यासारखा गोल दिसतो, त्यामुळे शंका येणं रास्तच. पण ती शंका जुनी आहे आणि तपासलीही गेली आहे. रॉबर्ट डिट्झ आणि पॉल बॅरिंजर या संशोधकांनी तिथले खडक पाहिले. उल्केच्या आघाताने खडकात उमटणाऱ्या शंकूच्या आकाराच्या रेघा नाहीत, वितळलेल्या खडकाचे तुकडे नाहीत. १९७३ साली त्यांनी तसं प्रसिद्धही केलं. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते प्राचीन पर्वतनिर्मितीत पृथ्वीचं कवच वाकून किनाऱ्याची ही कमान झाली.

आपलं लोणारसुद्धा निव्वळ गोल आहे म्हणून उल्काविवर ठरलेलं नाही. तिथल्या बेसाल्ट या काळ्या खडकातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजाची धक्क्याने काच झालेली सापडली, म्हणून ठरलं. कृपया तो फोटो पुढे पाठवू नका.