कीनिंग धरायला नेरेव्हरचा जन्म लागत नाही

'मॉरोविंड' या २००२ च्या खेळाबद्दल एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. आपलं पात्र नेरेव्हर या प्राचीन वीराचा पुनर्जन्म आहे हे भाकितानं आधीच ठरवलंय, चंद्र-ताऱ्याची अंगठी हा त्याचा पुरावा, आणि म्हणूनच कीनिंग व संडर ही हत्यारं दुसऱ्या कुणाला पेलत नाहीत. तिन्ही गोष्टी चूक आहेत. शेवटची तर खेळ स्वतःच खोडून काढतो, म्हणून आधी तीच घेऊ.

ही हत्यारं म्हणजे अवजारं आहेत. लोरखान या मृत देवाच्या हृदयातली शक्ती काढून घेण्यासाठी कॅग्रेनॅक या ड्वेमर (नाहीशा झालेल्या जमातीतल्या) कारागिरानं ती घडवली: संडर हा हातोडा, कीनिंग हे छोटं पातं आणि रेथगार्ड हा उजव्या हाताचा चिलखती मोजा. व्हिवेक, अल्मालेक्सिया आणि सोथा सिल हीच अवजारं वापरून देव झाले. खेळाचा खलनायक डागोथ उर यानेही त्याच हृदयातून शक्ती मिळवली. यांतला एकही नेरेव्हर नव्हता. तिसऱ्या युगाच्या ४१७ साली कीनिंग आणि संडर डागोथ उरच्या भावांच्या हाती गेली, तेव्हापासून कीनिंग ओड्रोसल या किल्ल्यात आणि संडर व्हेमिनल या किल्ल्यात डागोथ व्हेमिनपाशी आहे.

रेथगार्ड न घालता यांतलं एकही हत्यार हातात घेतलं की आरोग्य भराभर उतरतं आणि पात्र मरतं. झोळीत ठेवलं तर काही होत नाही. अझुरा या देवतेनं अंगठी दिलेलं, तिन्ही घराण्यांनी होर्टेटर (युद्धनेता) म्हटलेलं पात्रही मोजा विसरलं तर तसंच मरतं. हत्यार जन्म बघत नाही, उजवा हात बघतं. बहुतेकांची गल्लत इथेच होते: हृदय जिथे आहे त्या लाल पर्वतात उतरताना एखादा जास्त चांगला जादुई मोजा उजव्या हातात चढवतात, रेथगार्ड आपोआप उतरतो आणि हातातलं संडर जीव घेतं. क्रम असा ठेवा: आधी रेथगार्ड, मग संडर, त्यानं हृदयावर एक घाव, नंतर कीनिंगचे वार. काढताना उलटं, आधी हत्यार आणि मग मोजा. वेगाची शर्यत लावणारे खेळाडू तर मोजा मिळवतच नाहीत. आरोग्य भरून काढणाऱ्या जादूचा मारा करत ते घाव घालून मोकळे होतात.

'स्कायरिम'मध्येही (२०११) आर्निएल गेनच्या कामात कीनिंग मिळतं आणि मोज्याशिवाय बिनधास्त वापरता येतं. मात्र ही गोष्ट हृदय नष्ट झाल्यानंतरची आहे, त्यामुळे मी तिच्यावर फार भार टाकणार नाही.

"भाकिताचा मार्ग सोडला तर शेवट गाठताच येत नाही" असंही सांगितलं जातं. कथेसाठी आवश्यक पात्र मारलं की भाकिताचा धागा तुटल्याचा संदेश येतो, हे खरं. पण खेळ संपत नाही. व्हिवेकला मारून त्याच्याकडची ड्वेमर वस्तू टेल फिर या मनोऱ्याच्या तळघरात याग्रम बगार्नला द्या. तो शेवटचा जिवंत ड्वेमर. कॅग्रेनॅकची कागदपत्रंही जवळ असली तर तो तिचा कामचलाऊ रेथगार्ड करून देतो. किंमत जबर आहे: पहिल्यांदा घालताच आरोग्य कायमचं घटतं आणि मुळात कमी असेल तर पात्र तिथेच मरतं. टिकलात तर हृदय फोडता येतं, अंगठी आणि होर्टेटरपद नसलं तरीही.

आता अंगठी. दुसऱ्या कुणी घातली तर तो मरतो, अशी आख्यायिका आहे. खेळात मात्र ती व्यक्तिमत्त्व ५ नि संभाषण ५ वाढवते, एवढंच. आणि ती देते कोण? अझुरा, जिचं त्या तीन देवांशी जुनं वैर आहे. ती जिथे अंगठी देते त्या गुहेत आधीच्या अपयशी अवतारांची भुतं बसलेली असतात: पीकस्टार, कोनून चोडाला आणि इतर. तेही भाकितावर दावा सांगत निघाले होते आणि मेले. उर्शिलाकू टोळीची ज्ञानी स्त्री निबानी माएसा सुरुवातीलाच बजावते की तू नेरेव्हरीन (नेरेव्हरचा पुनर्जन्म) नाहीस, होऊ शकणारा आहेस. माझ्या मते सगळ्या खेळातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे आणि लोक ते वाचून पुढे जातात.

"परका आवाज घराणी एक करील, परका हात टोळ्या एक करील" हे भाकीत कसं खरं होतं तेही पाहा. ह्लालू घराण्याचा क्रासियस क्युरिओ १००० नाणी घेऊन मत देतो. टेल्व्हानी घराण्याचा गोथ्रेन टोलवाटोलवी करत राहतो आणि त्याला मारल्यावरच वाट मोकळी होते. झाइनाब टोळीच्या प्रमुखाला, कौशदला, उच्चकुलीन टेल्व्हानी वधू हवी असते, तर त्याच्याच टोळीतली ज्ञानी स्त्री एका गुलाम मुलीला नटवून आणायचा सल्ला देते. भाकिताची ओळ पुरी होते ती अशी, माणसांच्या हातून. बादशहाचं उलगडलेलं पत्र वाचा: या कैद्यानं अटी शक्य तितक्या पुऱ्या कराव्यात अशी त्यात सरळ आज्ञा आहे.

'हरवलेलं भाकीत' नावाच्या दुसऱ्या भाकितातलं "तीनदा शापित पातं" म्हणजे ट्रूफ्लेम ही तलवार, असं सांगणाऱ्यांनी त्या ओळीच्या आधीचं वाचावं. तिथे जागा दिली आहे, लाल पर्वताखाली. ट्रूफ्लेम खेळाच्या नंतरच्या विस्तारात येते आणि मुख्य कथा तिच्याशिवाय पुरी होते. पर्वताखाली वापरायचं पातं कीनिंगच.

त्याच भाकितातला "ड्रॅगन-जन्मा" हा शब्द 'स्कायरिम'च्या नायकाशी जोडणंही चूक आहे. इथला ड्रॅगन म्हणजे ज्याच्या चिन्हावर ड्रॅगन आहे ते साम्राज्य. नायक परक्या, साम्राज्याच्या मुलखात जन्मलेला असेल, एवढंच ती ओळ सांगते.