वाळू आणली नाहीत?

रिक्षातून बॅगा उतरवत होतो तोच पार्किंगमध्ये तळमजल्याच्या काकू, हातात मेथीची जुडी घेऊन. नाशिकरोड ते रामेश्वर प्रवासाचं पुराण सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. आमच्या काकू मात्र सगळ्यांकडे नसतात.

"झालं का दर्शन?"

"झालं. २२ तीर्थांचं स्नानसुद्धा," मी जरा रुबाबातच म्हणालो. का नाही म्हणणार? आधी अग्नितीर्थ, म्हणजे चक्क समुद्र. मग तसंच निथळत देवळात शिरायचं आणि विहिरीमागून विहीर, वरून बादलीभर पाणी. फरशी ओली, पुढचे आजोबा धोतर सावरतायत, मागच्या मावशींनी आधाराला माझाच सदरा धरलाय. पापं धुतली गेली की नाही देव जाणे, डावा कान मात्र अजून उघडलेला नाही. वर, ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून कपडे बदलून पुन्हा रांग.

काकूंनी जुडीचा रबर काढून मनगटावर चढवला.

"आणि वाळू?"

"कसली वाळू?"

"सेतूची! आणली नाहीत?" एक काडी खुडली. "ती प्रयागला गंगेत सोडायची, तिथलं गंगाजल परत रामेश्वराला नेऊन पिंडीवर घालायचं. तेव्हा यात्रा पुरी. नाहीतर नुसतं फिरणं."

रिक्षावाल्यानेही मान डोलावली. याला काय पडलं होतं? सुट्टे पैसे द्यायचे सोडून!

मी म्हटलं, "काकू, धनुष्कोडीला वारा असा सुटला होता की चपलांत मूठभर वाळू आली असेल."

"चपलेतली चालत नाही."

१९६४ च्या वादळात ते अख्खं गाव गेलं. पडक्या चर्चच्या भिंती बघून मी गप्प झालो होतो, ते काकूंना सांगायचं होतं. पण काकू प्रयागला पोचल्या होत्या. म्हटलं, गंगेतच सोडायची तर गोदावरीवरचं आपलं रामकुंड काय वाईट? नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात. रोज पहाटे "गंगेवर जाऊन येते" म्हणून दार आपटत कोण जातं?

"ती आपली. ही ती." नद्यांची वाटणी झाली.

खरं उत्तर मला रात्री सुचलं. मारुतीला कैलासाहून लिंग आणायला उशीर झाला, तेव्हा सीतामाईने वाळूचीच पिंड केली म्हणतात. ती सीतामाई तर आमच्या पंचवटीतून नेलेली! ती कुठे प्रयागला गेली होती वाळू घेऊन? पण रात्री सुचलेल्या उत्तराचं करायचं काय? बायकोला ऐकवलं, ती झोपली होती.

आणि राग याचा की या काकू वणीच्या गडापलीकडे गेलेल्या नाहीत. त्यांच्या सासऱ्यांची आत्या म्हणे पायी काशीला गेली होती, त्या पुण्याईवर या आजवर निकाल देतात. पैसे आमचे, रजा आमची, कानही आमचा. आणि यात्रा धरायची की नाही ते तळमजला ठरवणार! मुलाच्या मार्कांचंही असंच, कर्जाच्या हप्त्यांचंही असंच.

एवढं होऊन प्रसादाची दोन पाकिटं त्यांनी घेतलीच. जाताना वळून म्हणाल्या, "पुन्हा गेलात तर आमच्याही नावाची डबीभर वाळू आणा. आणि प्रयागला तुम्ही जाणारच आहात, तर तीही सोडून टाका."