कार्पेट किती?

"तुम्ही तरी घरात कितीसं हलता?"

हा प्रश्न परवा रविवारी एका अनोळखी म्हाताऱ्याने मला भर दुकानात विचारला. दुकानदार हसला. माझी दहा वर्षांची लेक हसली. मागच्या पिंजऱ्यातल्या लव्हबर्ड्सनीही काहीतरी कलकलाट केला, पण ते हसणंच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

प्रकरण हॅमस्टरचं, म्हणजे उंदरासारख्या एका गुबगुबीत पाळीव प्राण्याचं आहे. लेकीच्या मैत्रिणीचं बिऱ्हाड बंगलोरला हललं आणि जाताना तो आमच्या गळ्यात पडला, बुटाच्या खोक्याएवढ्या पिंजऱ्यासकट. नाव बेसन. रंग तसा, आकार तसा आणि हालचाल लाडवाइतकीच. सकाळी चहाच्या वेळी झोपलेला, दुपारी झोपलेला, संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की फार तर कूस बदललेली. पहिल्या आठवड्यात तो गेला असं समजून मी दोनदा हळहळलो. दुसऱ्या वेळी तर हिला कुंडीत खड्डा करायला सांगून बसलो होतो.

"बाबा, तो निशाचर आहे. रात्रीत काही किलोमीटर धावतो," असं लेक सांगायची. मी रात्री अकराला झोपतो. त्यानंतर जे घडतं त्यावर माझा विश्वास नाही.

तर पिंजरा बदलायचं ठरलं. लेकीने वहीच्या पानावर यादी केली होती. लांबी १०० सेंमी, रुंदी ५०, उंची ५०. ही म्हणे जर्मनीतल्या पशुवैद्यांच्या प्राणिकल्याण संघटनेने सांगितलेली किमान जागा. चाक २८ सेंमी व्यासाचं, नाहीतर धावताना पाठ वाकते. खाली निदान २० सेंमी भुसा, तोही देवदाराचा नको. मी म्हटलं, जर्मनीत घरं मोठी असतील. शिवाय जो प्राणी वीतभर जागेत चोवीस तास काढतो, त्याला सव्वातीन फुटी वाडा कशाला?

दुकानदाराचं मत माझ्यासारखंच होतं, म्हणून तो मला आवडला. त्याने वरच्या फळीवरून एक गुलाबी पिंजरा काढला. "साहेब, थ्री स्टोरी आहे. स्लाइड आहे, टनेल आहे, चाक आत फ्री. बावीसशे."

मी पाकिटाला हात घातला, इतक्यात मागून आवाज आला. "कार्पेट किती?"

वळून पाहिलं तर सत्तरीच्या पुढचे एक काका. खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी, माशांचं खाद्य घ्यायला आलेले.

"कार्पेट नाही येत काका याच्यात. भुसा घालायचा," दुकानदार म्हणाला.

"ते कार्पेट नव्हे हो. कार्पेट एरिया, आतली वापरायची जागा. खोक्यावर ४७ बाय ३० छापलंय ते बाहेरून बाहेर. आतून आत किती?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याकडे पाहिलं. काकांनी पिशवीतून मेजर टेप काढला. माशांचं खाद्य आणायला जाताना माणूस टेप का नेतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून आत हात घातला, चष्मा कपाळावर चढवला आणि पुटपुटत मापं घेतली. मग बिलाच्या पाठीमागे गुणाकार केला.

"४१ बाय २५. म्हणजे १०२५. आणि हा सांगतोय १४१०. आतल्या मापावर साडेसदतीस टक्के चढवलेत, म्हणजे लोडिंग! अहो, बिल्डर लाजेल."

"पण काका, तीन मजले आहेत ना," दुकानदार म्हणाला.

"हे मजले? हे पोटमाळे. यांना मजला म्हणत नाहीत. आणि हा पाइप?"

"टनेल."

"पॅसेज म्हणा. पॅसेजमध्ये कोण राहतं?"

एव्हाना मांजराचं खाणं घ्यायला आलेल्या दोन बाई थांबल्या होत्या. त्यांतल्या एकीने हळूच विचारलं, "काका, आमचं बुकिंग आहे बाणेरला. जरा बघाल का?" काकांनी हातानेच 'नंतर' म्हटलं. मग लेकीकडे वळले. "मूळ गाव कुठलं याचं?"

"सीरिया," लेक तत्परतेने म्हणाली. ही माहिती तिने मला चार वेळा सांगितली आहे आणि मी चारही वेळा मोबाइल बघत होतो. १९३० साली इस्राएल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळ एक शेत खणायला लावलं. आठेक फूट खाली गेल्यावर एक मादी आणि तिची अकरा पिल्लं सापडली. आज जगभरच्या घरांतून जे सोनेरी हॅमस्टर झोपा काढताहेत, ते बहुतेक सगळे त्याच घरातले. म्हणजे सगळी एकच भावकी. पण दोन मोठे हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. भावकीच ती, यात मला काही नवल वाटलं नाही.

"आठ फूट खाली?" काका गंभीर झाले. "म्हणजे बेसमेंटवाला माणूस. आणि तुम्ही त्याला टॉवरमध्ये टाकताय."

"म्हणूनच भुसा खोल हवा," लेक म्हणाली. "आणि त्याला उंचीचा अंदाज येत नाही. वरून सरळ चालत खाली पडतो."

"हिला कळतंय," काका मला म्हणाले. मला म्हणजे, ज्याला कळत नाही त्याला.

आता मात्र मी बोललो. "काका, तो हलतच नाही हो. त्याला एवढी जागा देऊन करायचं काय?"

"तुमचा फ्लॅट केवढा?"

"टू बीएचके."

"घरी असता तेव्हा बसता कुठे?"

मी उत्तर द्यायच्या आत लेक म्हणाली, "सोफ्यावर. खिडकीजवळच्या कोपऱ्यात. तिथे खड्डा पडलाय."

"मग तेवढाच ठेवा. बाकीचा द्या भाड्याने. तुम्ही तरी घरात कितीसं हलता?"

याच्यावर बिनतोड उत्तर मला सुचलं, पण सोमवारी दुपारी, लिफ्टमध्ये. दुकानात मी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे काय आहे?"

"फायटर मासा."

"टाकी केवढी?"

"टाकी कसली? लोणच्याची बरणी आहे."

"मग त्याचं कार्पेट?"

"अहो, मासा आहे तो. त्याला काय कळतंय?"

मला वाटलं आता सगळे काकांना हसतील. कोणी हसलं नाही. मांजरवाल्या बाईंनी तर मान डोलावली.

इथवर ठीक होतं. पण काका सहज बोलून गेले की बत्तीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे पास करण्यात घालवली, आणि माझं डोकं भलत्याच वाटेला लागलं. आम्ही घर घेतलं २०११ मध्ये. कार्पेटवरच विका असं बिल्डरांना सांगणारा रेरा कायदा महाराष्ट्रात सुरू झाला २०१७ मध्ये. आम्हाला ९४० फूट म्हणून जे विकलं, ते ताबा घेतल्यावर मी स्वतः मोजलं तेव्हा ६३८ भरलं. उरलेले फूट जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात आणि ज्याला दरवाजा आहे पण ज्यात कधी कोणी गेलं नाही अशा क्लब हाउसमध्ये आहेत. त्यांचे हप्ते मी आजही भरतो. तेव्हा सॅम्पल फ्लॅटमध्ये सरबत पिताना असा टेपवाला म्हातारा माझ्या मागे का उभा नव्हता? उंदराच्या चुलतभावासाठी उभा राहतो, माझ्यासाठी नाही.

मी काकांना आमच्या सोसायटीचं नाव सांगितलं. "ओळखता?"

"हो," ते म्हणाले. मग टेप गुंडाळला, माशांच्या खाद्याचे पैसे दिले आणि गेले. बाणेरवाल्या बाईंकडेही पाहिलं नाही.

शहाण्या माणसाने यानंतर गुलाबी पिंजरा घेतला नसता. मी घेतला. लेक घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

त्या रात्री अडीच वाजता मला जाग आली. घरात कोणीतरी कानशीने गज कापत होतं. हातात वाळत घालायची काठी घेऊन मी हॉलमध्ये गेलो. बेसन तिसऱ्या पोटमाळ्यावर उभा राहून गज चावत होता. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं, मग फुकटच्या चाकात शिरला. पाठ पार उलटी, पोळी लाटताना कडेने वर यावी तशी. चार गिरक्या घेऊन बाहेर आला, पुन्हा वर चढला, कडेपर्यंत चालत गेला आणि कडा संपल्यावरही चालत राहिला. भुशात पडला, उठला, अंग झटकलं, पुन्हा गजांना लागला. साडेतीनपर्यंत मी तिथेच बसून होतो. सोफ्यावर, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. त्या तासाभरात आम्हा दोघांत कोण जास्त हललं, हे सांगायची गरज नाही.

दुकानदार पिंजरा परत घेईना. विकलेला माल, वगैरे. शेवटी माझं पुस्तकांचं जुनं कपाट कामी आलं. चार फूट उंच, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. फळ्या काढून ते आडवं निजवलं, वर बारीक जाळी ठोकली, एका बाजूला फूटभर भुसा भरला आणि दुसऱ्या बाजूला २८चं चाक बसवलं. आठ चौरस फूट, आणि सगळं कार्पेट. आमच्या भागात फुटाला दहा हजार धरले तरी ऐंशी हजारांची जागा झाली. पुस्तकं पलंगाखाली गेली. बेसन भुशात गेला तो थेट रात्री दहाला वर आला, गालाच्या पिशव्यांत शेंगदाणे कोंबून पुन्हा खाली. जर्मन भाषेत साठेबाजीला 'हॅमस्टर्न' म्हणतात, हेही लेकीनेच सांगितलं. या वेळी मोबाइल खाली ठेवून ऐकलं.

फक्त एक झालं. हॉलमध्ये कपाट आडवं बसायला सोफ्याचा एक भाग काढावा लागला. कुठला, ते विचारू नका. खड्डा आता बाल्कनीत आहे आणि त्यावर शेजारच्यांचं मांजर झोपतं.

त्यामुळे हे सगळं मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्याने लिहितोय. गुलाबी पिंजरा डोक्यावरच्या फळीवर आहे. तळमजल्यावर कांदे, पहिल्या पोटमाळ्यावर आलं, त्याच्या वर लसूण. ही फोडणी टाकायला आली, वर हात घातला आणि म्हणाली, "अहो, जरा हला बघू."